अजून किती दिवस घालणार?

लिफ्टचं दार बंद झालं आणि काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छान दिसतोय हं," त्या म्हणाल्या. पंचेचाळिशीनंतर असं आपल्याला कोणी म्हणत नाही, म्हणून मी जरा ओशाळून हसलो. तोवर माझ्या बाहीची कड काकूंच्या चिमटीत गेली होती.

"सुती आहे ना? अजून किती दिवस घालणार?"

चौथा मजला येईपर्यंत शर्टाचं वय, कॉलर विरली की नाही आणि बायको ब्लीच वापरते का, एवढं सगळं त्यांनी काढून घेतलं. उतरताना बजावलं, "टाकू नकोस. आणि बोहारणीला तर मुळीच देऊ नकोस!"

देवनारच्या आमच्या सोसायटीत दर बुधवारी दुपारी तीन ते पाच गोधड्या शिवणाऱ्या बायका तळमजल्यावरच्या खोलीत जमतात. नऊ बायका, सात सुया आणि आळीपाळीनं वापरायचे चार चष्मे. काकू त्यांच्या सर्वेसर्वा. या मंडळाला अजून नाव नाही. नाव ठेवायला बसल्या तेव्हा काकूंनी, त्या साताऱ्याकडच्या असल्यानं, 'वाकळ' सुचवलं. बेळगावकडच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे कौदी म्हणतात. पुण्याच्या बाईंनी 'गोधडी हाच प्रमाण शब्द' असं जाहीर केलं आणि त्यानंतर दोन बुधवार एकही टाका पडला नाही. शेवटी कोणाच्या तरी अमेरिकेतल्या भाचीनं फोनवरून तोडगा काढला: तिकडे याला 'क्विल्टिंग गिल्ड' म्हणतात. "गिल्ड म्हणजे गिलिटाचं काही असतं का गं?" असं काकूंनी विचारलं आणि तोही विषय मिटला. सोसायटीच्या वहीत खोलीच्या वापराची नोंद 'बुधवारच्या बायका' अशी आहे.

देवनार म्हटलं की बाहेरच्यांचा हात नाकाकडे जातो. कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर, एवढंच त्यांना ठाऊक. मुंबईचा कचरा १९२७ पासून इथे येऊन पडतो आहे, त्यामुळे त्यांचंही फारसं चुकत नाही. वारा फिरला की आम्हीही खिडक्या लावून घेतो. पण आमच्याकडे विद्वत्ताही आहे. समाजाचा अभ्यास करणारी टाटा इन्स्टिट्यूट १९५४ पासून इथे आहे. लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही जवळच आहे. तिथे देशभरातल्या जन्मांचे हिशेब मांडतात. आमच्या तीन इमारतींपुरतं मात्र काकूंचं खातं त्या संस्थेच्या दोन पावलं पुढे असतं. कोणाच्या सुनेनं लोणच्याची बरणी जरा जास्त वेळा उघडली, की बुधवारी दुपट्याचं कापड बेतायला घेतलं जातं. दुसऱ्या विंगेतल्या एका तरुणाला बाप होणार असल्याची बातमी त्याच्या बायकोकडून कळायच्या आधी काकूंकडून कळली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "तुझ्या आईचं एखादं मऊ पातळ आहे का रे?"

मुंबईत 'चिंधी' ही शिवी आहे. चहाचे पैसे देताना खिसे चाचपणारा तो चिंधी. काकूंसमोर मात्र हा शब्द जपून वापरावा. एकदा सेक्रेटरी मीटिंगमध्ये वैतागून म्हणाले, "या चिंध्यांसाठी खोली अडते." काकू शांतपणे उठल्या. गाडगेबाबांचं नाव काढलं. ज्या माणसाला लोक 'गोधडेबुवा' म्हणायचे, त्यानं चिंध्या पांघरून आख्खा महाराष्ट्र झाडला, हे ऐकवलं. तेवढ्यावर भागेना म्हणून थेट अंबाजोगाईला पोचल्या. दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी पासोडीवर ग्रंथ लिहिला, जवळजवळ ४० फूट लांबीची पासोडी ती. "तुम्ही आजवर कशावर काय लिहिलंत?" सेक्रेटरींनी आजवर पाणी बंद असल्याच्या नोटिसा लिहिल्या होत्या. ते गप्प बसले. मंडळाच्या खजिनदारबाई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "नऊवारी सत्तावीस फुटांची. म्हणजे खालवर मिळून तीन लुगडी लागली असतील त्यांना."

काकूंची कापडाची परीक्षा एकदा पाहण्यासारखी असते. कापड आधी गालाला लावायचं. मग कडेचा एक दोरा उपसायचा आणि थेट गॅसवर धरायचा. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सुती, उमेदवार पास. दोरा आखडून त्याची काळी टणक गुठळी झाली तर पॉलिस्टर. मग तोंडावर अशी कळा येते, की जणू मुलगा दाखवायला आणला आणि त्याचं आधीच एक लग्न झालेलं निघालं. पॉलिस्टर घाम पीत नाही, आतल्या आत सरकतं, गोधडीला पोक काढतं. ही परीक्षा माझ्या एका मेहुण्याची झाली आहे, म्हणजे त्याच्या कुर्त्याची. तो तेव्हा कुर्त्यातच होता. पाहुणा म्हणून चहाला आला होता. काकूंनी "हलू नकोस" म्हणत शिवणीतला दोरा ओढला आणि आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन निकाल लावला. "नापास," आतून आवाज आला. कुर्ता लग्नातला होता. मेहुणा तो आता घालत नाही.

त्यांचं खरं वैर एकाच व्यक्तीशी, बोहारणीशी. दोघींना माल तोच हवा असतो. बोहारीण स्टीलचा डबा पुढे करते, काकू भावनेला हात घालतात. "सासूबाईंचं लुगडं देऊन तू चाळणी घेणार?" असं जिन्यातून ओरडल्यावर कुठल्या सुनेची हिंमत होईल? तरी व्यवहारात दोघी तोडीस तोड. एकदा काकूंनी माझ्या देखत दोन झुळझुळीत पॉलिस्टरच्या साड्या देऊन बोहारणीच्या गाठोड्यातून एक विटकं धोतर सोडवून घेतलं. दोघींनाही आपण दुसरीला बनवलं असं वाटत होतं. धोतर गालाला लावत काकू मला म्हणाल्या, "लोण्यासारखं आहे. ही बया डोंगरावर नेऊन टाकणार होती." डोंगर म्हणजे आमचा तो कचऱ्याचा. बोहारीण तो माल बाजारात विकते, डोंगरावर टाकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण शत्रूबद्दल खरं बोलायचं म्हणजे वैराला काही अर्थच उरत नाही.

शिवणं सुरू झालं की याच काकू वेगळ्या होतात. जमिनीवर अस्तराचं पातळ पसरायचं, चारी बाजूंनी ताणून कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, जे सापडेल ते ठेवायचं. त्यावर विरलेल्या कापडांचे थर, वर दुसरं पातळ. मग धावदोरा. कडेनं सुरुवात, आणि फेऱ्या घालत घालत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांना चार बायका बसतात. प्रत्येकीचा टाका सहीसारखा वेगळा: पुण्याच्या बाईंचा पट्टीनं आखल्यासारखा, बेळगावकरणीचा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि माझ्या बायकोचा, काकूंच्या शब्दांत, "म्हैस धावल्यासारखा." काकूंच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर पितळी अंगुस्तान असतं. सुई पाच थरांतून वर येताना एक बारीक 'टुक्' आवाज होतो, दोरा सरसरत ओढला जातो, आणि त्या दोन तासांत सोसायटीतलं एकही लग्न, भांडण किंवा थकलेलं मेंटेनन्स चर्चेवाचून राहत नाही. गाठ मात्र दिसता कामा नये. कोणाची दिसली तर काकू काही बोलत नाहीत. उसवतात. मशीनचं नाव काढणाऱ्या एका नव्या सदस्येला त्यांनी दोन महिने फक्त सुया ओवायला बसवलं होतं.

अमेरिकेतल्या भाचीनं एकदा अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या खेड्यातल्या गोधड्यांचे फोटो पाठवले. तिथल्या गरीब शेतकरी बायकांनी शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या शिवलेल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये अमेरिकेनं त्यांवर टपाल तिकिटं काढली. सगळ्या बायका भारावल्या. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करायला सांगितला आणि निकाल दिला, "टाके मोठे आहेत." मग जरा थांबून, "पण जीनची पॅंट घेतलीय बघा. सुचलं नव्हतं आपल्याला." त्या आठवड्यात सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांनी आपापल्या जीन्स कुलपात ठेवल्या. त्या तशाही फाटक्याच होत्या, पण फाटक्या विकत घेतलेल्या होत्या. हा भेद काकूंना आजतागायत पटलेला नाही.

त्याच फोटोंत एक गोधडी १९४२ सालची होती. नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची बायकोनं केलेली. भाचीनं ते वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी "पुढचा फोटो" असं म्हटलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता. काका देवनार डेपोत बसचे ड्रायव्हर होते. त्यांचा खाकी युनिफॉर्म बोहारणीला गेला नाही, हे माझ्या बायकोला माहीत आहे. काकूंच्या स्वतःच्या वाकळीत तो आतल्या थरात आहे. बाहेरून कुठूनही दिसत नाही, हात फिरवला तर तेवढा एक चौकोन जाड लागतो. बायकोनं हे मला सांगितलं आणि वर "काकूंना बोलू नका हं" असं तीनदा बजावलं.

एवढं सगळं खरं, पण मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. देवनारला गोधडी लागते कशाला? इथे थंडी म्हणजे चार दिवस पहाटे पंखा तिनावर. ओली झालेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, पावसाळ्यात ती आठवडाभर वाळत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या लोणच्यावर ठिबकते. मी एकदा धीर करून विचारलं. काकूंकडे उत्तर तयार होतं. "बासष्टच्या जानेवारीत मुंबईत पारा ७.४ वर आला होता. तेव्हा तू कुठे होतास?" मी जन्माला यायचा होतो. "मग? एकदा आला तो परत यायचा नाही कशावरून?" गेली कित्येक वर्षं नऊ बायका सात सुया घेऊन त्या एका थंडीची वाट पाहताहेत.

माझा तो लिफ्टमधला शर्ट दिवाळीच्या सुमारास नाहीसा झाला. बायको म्हणाली, धुण्यात असेल. मग म्हणाली, इस्त्रीला असेल. डिसेंबरात काकू स्वतः वर आल्या आणि माझ्या हातात एक घडी ठेवली. निळ्या रेघा लगेच ओळखू आल्या. मधोमध खिसासुद्धा जसाच्या तसा होता.

"खिसा का ठेवलात काकू?"

"मोबाइल कुठे ठेवशील झोपताना? उशीखाली ठेवू नये, वाईट असतं म्हणे."

त्या रात्री साडेदहाला फोन वाजला. खिशातच वाजला. गोधडी पायथ्याशी घडी करून ठेवलेली होती, त्यामुळे तो शोधायला वेळ लागला.

"घेतलीस का रे पांघरायला? गारठा पडलाय आज."

"हो काकू. मस्त ऊब आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. क्षणभर थांबल्या. "मग मागे पंख्याचा आवाज कसला येतोय?"