नोकरी शाबूत असल्याबाबत

एडिसन, न्यू जर्सी
घटस्थापना, 22 सप्टेंबर 2025

तीर्थरूप नाना व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. चिरंजीवांची नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर जमा होत आहे, आणि नातवंडे अन्नछत्रात जेवत असल्याची जी वार्ता डोंबिवलीहून कल्याणला व तेथून नौपाड्याला मामांकडे पोहोचली, ती निराधार आहे. व्हिडिओ कॉलवर चि. मनूने शाळेतून आलेला अर्ज आजीला दाखवला, त्यातील ‘मोफत जेवण’ एवढेच शब्द शेजारी बसलेल्या बेबीआत्यांच्या कानी पडले, आणि उरलेले कथानक त्यांनी कल्याण स्टेशन येईपर्यंत स्वतःच्या प्रतिभेने पूर्ण केले, असा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यावरून काढता येतो. नानांनी लेखी खुलासा मागवला असून तो मोबाइलवरच्या तुटक भाषेत नसावा अशी अट घातली आहे, म्हणून निवृत्त मुख्याध्यापकांस शोभेल अशा ग्रांथिक मराठीत तो पुढे सादर केला आहे.

अमेरिकेतील शालेय भोजन योजनेचा कायदा 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आला, आणि ही योजना शिक्षण खात्याकडे नसून शेती खात्याकडे आहे, कारण मुलांचे पोषण व देशातील शेतमालाचा खप ही दोन्ही उद्दिष्टे कायद्यातच एकत्र नोंदवलेली आहेत. जेवणारी मुले तीन वर्गांत मोडतात. ज्या कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत आहे त्यातील मुलांना जेवण मोफत मिळते. 130 ते 185 टक्क्यांच्या दरम्यान असलेल्यांना ते सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त 40 सेंटमध्ये मिळते. आणि त्यावरील सर्वांनी शाळेने ठरवलेला पूर्ण दर भरावयाचा असतो. चौघांच्या कुटुंबासाठी 2025-26 या शालेय वर्षातील पहिली मर्यादा वर्षाला 41,795 डॉलर व दुसरी 59,478 डॉलर आहे. न्यू जर्सी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भर घालून मोफत जेवणाची मर्यादा 2024-25 पासून 224 टक्क्यांवर नेली असल्यामुळे येथे ती 72,016 डॉलर होते.

डॉलरचा भाव 88 रुपये धरल्यास हा आकडा 63 लाख रुपयांच्या पुढे जातो. या ठिकाणी नानांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचावा, आणि आईने तो बेबीआत्यांना मुळीच वाचून दाखवू नये, कारण 63 लाखवाल्याच्या मुलाला सरकार फुकट जेवू घालते एवढेच त्यांच्या लक्षात राहील, आणि येथील घरभाडे, आरोग्यविमा व मोटारीचा विमा यांचे आकडे मात्र वालधुनी नदीत वाहून जातील. शिवाय अर्जात मागितलेले उत्पन्न कर कापण्यापूर्वीचे असते, म्हणजे जो पैसा घरात कधी आलाच नाही तोही घरात आला असे मानले जाते.

दारिद्र्यरेषा मुळात जेवणाच्या खर्चावरूनच आखली गेली, ही बाब नानांना विशेष रुचेल. सामाजिक सुरक्षा प्रशासनात काम करणाऱ्या मॉली ओरशान्स्की यांनी 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात शेती खात्याच्या सर्वांत काटकसरीच्या आहारयोजनेचा खर्च घेतला व त्याला 3ने गुणले, कारण 1955 च्या एका पाहणीत कुटुंबांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर खर्च होत असल्याचे दिसले होते. वाण्याच्या यादीवरून महिन्याचा खर्च सांगण्याची आईची रीत याहून फार वेगळी नव्हती. फरक एवढाच की ओरशान्स्कीबाईंच्या गुणाकारावर सरकार चालते, आणि आईच्या गुणाकारावर नानांनी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

(येथे ड्रायर थांबल्यामुळे लेखनात खंड पडला. घड्या सूनबाईंनी घातल्या. मोज्यांच्या जोड्या चिरंजीवांकडे सोपवण्यात आल्या व त्या अद्याप जुळलेल्या नाहीत.)

प्रस्तुत कुटुंब वरील कोणत्याही मर्यादेत बसत नाही व पूर्ण दर भरते. अर्ज आला तो एवढ्याचसाठी की, ज्यांची पात्रता सरकारी नोंदींवरून आधीच ठरलेली आहे अशी घरे वगळता, शाळेने तो सर्वांना पाठवणे नियमानुसार आवश्यक असते. मामांनी जो दाखला दिला, की त्यांच्या इमारतीतील जोशींची नात सॅन होजेमध्ये अर्ज न करता फुकट जेवते, तो खरा असला तरी येथे लागू पडत नाही. कॅलिफोर्निया व मेन या राज्यांनी 2022-23 पासून सर्वच मुलांना उत्पन्न न विचारता मोफत जेवण सुरू केले, पुढे आणखी काही राज्ये त्यात आली, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने याच शालेय वर्षापासून तसे केले आहे. नदीपलीकडे फुकट व अलीकडे पैसे, ही स्थिती मुंब्र्याच्या खाडीच्या दोन काठांवर रिक्षाचे भाडे बदलावे तशी समजावी.

उत्पन्नाच्या पुराव्याची पद्धत मामांना पटणार नाही. ठाण्यात उत्पन्नाचा दाखला काढावयाचा म्हणजे तहसील कचेरीत खेटे घालणे, आणि प्रत्येक खेपेस शेजारच्या मामलेदार मिसळीचा झणझणीत समाचार घेतल्याशिवाय न परतणे, असा दुहेरी विधी असतो, व त्यातील दुसऱ्या भागासाठी मामांनी पहिला भाग वर्षानुवर्षे लांबवल्याचे मामींचे मत आहे. येथे अर्जदार स्वतःच उत्पन्न लिहितो, सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे 4 अंक देतो किंवा असा क्रमांक नसल्याची खूण करतो, आणि सही करतो. त्यानंतर मंजूर अर्जांपैकी साधारणतः 3 टक्के अर्ज 15 नोव्हेंबरपर्यंत तपासले जातात, आणि त्या तपासणीसाठी मर्यादेच्या अगदी काठावरचे, म्हणजे मर्यादेशी महिन्याला 100 डॉलरच्या आत फरक असलेले अर्ज आधी निवडले जातात. वर्गात पस्तीस गुणांच्या आसपासचेच पेपर पुन्हा तपासणाऱ्या नानांना या धोरणाचे समर्थन करावे लागेल.

आता त्या नियमाकडे वळणे भाग आहे, ज्यामुळे घरातील शांतता भंग पावली आहे. पूर्ण ताटासाठी शाळा साडेतीन डॉलर, म्हणजे सुमारे 300 रुपये घेते. ताटाचे पाच घटक असतात: प्रथिनांचा पदार्थ, धान्याचा पदार्थ, भाजी, फळ आणि दूध. मुलाने त्यांपैकी किमान तीन उचलले पाहिजेत, आणि त्या तिनांत अर्धा कप फळ किंवा भाजी असलीच पाहिजे. तरच सरकारच्या दृष्टीने ते ‘जेवण’ ठरते. चि. ओमने पिझ्झा व दूध घेतले आणि सफरचंद नाकारले, तेव्हा ते जेवण न ठरता दोन सुटे पदार्थ ठरले, व सुट्या पदार्थांचा दर वेगळा असल्यामुळे कमी घेऊन जास्त पैसे द्यावे लागले. तेव्हापासून तो रोज सफरचंद उचलतो, खात नाही, आणि दप्तरातून घरी आणतो. पानात टाकू नये हा डोंबिवलीचा नियम व पानात घेतलेच पाहिजे हा अमेरिकेचा नियम यांच्या संघर्षातून सूनबाईंनी सफरचंदाचा मुरंबा, सफरचंदाचे लोणचे आणि सफरचंदाची कोशिंबीर निर्माण केली असून, यापुढे थालीपिठातही ते किसून घालण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळण्यात आला आहे.

भाजी कशास म्हणावे हा प्रश्नही येथे वादग्रस्त आहे. 1981 मध्ये लोणच्यासारख्या तोंडी लावण्यांची गणना भाजीत करू देणारा प्रस्ताव शेती खात्याने मांडला होता, तो टीका झाल्यावर मागे घ्यावा लागला. आणि 2011 मध्ये संसदेने अशी तरतूद केली की पिझ्झ्यावरील दोन मोठे चमचे टोमॅटोचा घट्ट गर अर्धा कप भाजी म्हणूनच मोजला जावा. लोणचे असले की भाजी कशाला, हे नानांचे मत पूर्वी घरात एकाकी होते; त्यास आता परदेशी पाठबळ मिळाले आहे, हे आईच्या कानावर घालताना जपून घालावे.

(वरील व पुढील परिच्छेदांच्या दरम्यान चि. मनूस पोहण्याच्या वर्गाला सोडून आणण्यात आले.)

एका गोष्टीचे मात्र श्रेय द्यावयास हवे. रांगेच्या शेवटी प्रत्येक मूल आपला क्रमांक यंत्रावर दाबते, आणि कोणाचे जेवण मोफत व कोणाचे साडेतीन डॉलरचे हे पुढच्या-मागच्या मुलास कळत नाही. मोफत जेवणारे मूल उघडपणे ओळखू येईल अशी कोणतीही व्यवस्था कायद्याने निषिद्ध आहे. पैसे थकलेल्या मुलांच्या हातावर शिक्का मारण्याचे प्रकार काही ठिकाणी घडत असत, त्यांस न्यू मेक्सिको राज्याने 2017 मध्ये कायद्याने बंदी केली.

नानांच्या शाळेत असे यंत्र लागले नसते, कारण तेथे उत्पन्नच विचारले जात नसे. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला मुलामागे 3 किलो तांदूळ वाटला जाई, आणि त्या पोत्यांना टेकून नाना सहामाहीचे पेपर तपासत. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला व तांदळाची खिचडी झाली. आज प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे भारदस्त नाव धारण केलेल्या या योजनेत पहिली ते आठवीतील, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या पटावर नाव असलेले प्रत्येक मूल पात्र आहे. 1 मे 2025 पासून सामग्रीचा खर्च प्राथमिकच्या मुलामागे रोज 6.78 रुपये व उच्च प्राथमिकच्या मुलामागे 10.17 रुपये धरला जातो. धान्य त्याखेरीज मिळते, म्हणून 300 रुपयांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. तरीही डोंबिवलीत चाळणी नाही असे नव्हे. ती अर्जात नसून शाळेच्या निवडीत आहे: विनाअनुदानित इंग्रजी शाळेत खिचडी नसते, आणि बेबीआत्यांची नातवंडे तेथे जात असल्यामुळेच त्यांना ‘मोफत जेवण’ हे शब्द ऐकून घाम फुटला. एडिसनमध्ये मुले एकाच रांगेत उभी राहतात व फरक यंत्रात लपवला जातो. डोंबिवलीत रांगेत फरक नाही, कारण फरक असलेली मुले त्या रांगेत येतच नाहीत. चव नोंदवहीत रोज सही करणाऱ्या नानांना घरची खिचडी अळणी का लागे, याची आईने मांडलेली उपपत्ती मात्र अद्याप अबाधित आहे.

तिकडून पाठवलेली पिशवी पोहोचली. भाजणी, मेतकूट व गोडा मसाला सुखरूप आहेत. डिंकाच्या लाडवांचा चुरा झाला असून तो चमच्याने खाल्ला जात आहे. मसाल्याच्या डब्याभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद चिरंजीवांनी सपाट करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात शुक्रवारी पाणी बंद राहणार असल्याची सूचना होती, आणि तो शुक्रवार केव्हाच उलटून गेलेला असूनही पिंपे भरून ठेवली का, हे विचारण्यासाठी फोन हातात घेतला गेला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते म्हणून तो ठेवून दिला गेला. पोळीभाजी केंद्राने दर वाढवल्याबद्दलचा आईचा संताप योग्यच आहे, परंतु शाळेच्या उपाहारगृहात दुसऱ्यांदा वाढून घ्यावयाचे असल्यास प्रत्येक पदार्थाचे पुन्हा पैसे पडतात, आणि ‘अर्धी तरी घे’ असे म्हणत अंगावर येणारे कोणी तेथे नसते. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे कोण कोण भेटले, कोण जाड झाले, कोणाचे जमले, याचा वृत्तान्त गतवर्षी बेबीआत्यांनी दिला होता. यंदाही त्यांनीच द्यावा, कारण त्यांच्या वृत्तान्तात काही घडलेले नसले तरी काही सुटलेले नसते.

सोसायटीच्या पुनर्विकासास तिसऱ्या मजल्यावरील काकांनी अखेर संमती दिली, हे वाचून आश्चर्य वाटले. इमारत रिकामी करावी लागेल तेव्हा नाना व आई भाड्याच्या घरात मानपाडा रोडला जाणार असल्याचे कळते. या संदर्भात अर्जातील एक कलम लक्षात घ्यावे. कुटुंब म्हणजे एकत्र राहून उत्पन्न व खर्च वाटून घेणारी माणसे, अशी त्यात व्याख्या आहे, त्यामुळे भाजणी पाठवणारी माणसे कुटुंबात मोजता येत नाहीत आणि चौघांवरच बेरीज थांबते. तीच माणसे येथे राहावयास आल्यास माणशी 12,320 डॉलरने मर्यादा वाढते, व सहा जणांसाठी ती 96,656 डॉलर होते. तरीही जेवण मोफत होण्याची शक्यता नाही. पण रकाना भरण्यास सहा नावे मिळतील, आणि सफरचंदे संपतील. बिल्डरकडून भाड्याचे पैसे मिळतील ते बँकेत ठेवावेत. नानांचे निवृत्तिवेतन मात्र उत्पन्नात दाखवावे लागेल, तरी त्याचा नेमका आकडा, जो त्यांनी आईलाही आजवर सांगितलेला नाही, उलट टपाली कळवावा.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपले आज्ञाधारक
चिरंजीव व सूनबाई

ता. क. नानांनी आकडा न कळवल्यास आईने पासबुक पाहून कळवावा. — सूनबाई