वजन उतरवा, फाइल हलेल

सरकारी कार्यालयातील फाइल वजन ठेवल्याशिवाय हलत नाही, हा नियम कोणत्याही परिपत्रकाविना महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. संगणकाने मात्र तो नेमका उलटा केला असून, ऑनलाइन अर्जाला जोडलेली छायाचित्राची फाइल तिच्यावरचे वजन उतरवल्याशिवाय जागची हलत नाही. हे वजन केबीत, म्हणजे किलोबाइटमध्ये मोजतात. एका बाइटात रोमन लिपीतील एक अक्षर मावते आणि अशा सुमारे हजार बाइटांचा एक केबी होतो. बँकभरतीच्या सामायिक परीक्षेला बसणाऱ्याने आपला चेहरा २० ते ५० केबीत आणि सही १० ते २० केबीत बसवावी, असा दंडक आहे. लाखो अर्ज साठवायचे असल्याने कमाल मर्यादा समजण्याजोगी आहे; परंतु किमान मर्यादेमुळे, कापता कापता १८ केबींवर आलेला उमेदवार कुपोषित ठरून परत येतो आणि त्याला पुन्हा दोन केबी खाऊ घालावे लागतात.

हे पथ्यपाणी सांभाळणारे दवाखाने म्हणजे तालुक्याच्या गावातील नेट कॅफे होत. तेथे ‘साइज कमी करून द्या’ एवढेच सांगितले जाते आणि त्या एका वाक्यात दोन भिन्न शस्त्रक्रिया दडलेल्या असतात. पहिली शस्त्रक्रिया पिक्सेलांची, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांनी बनते त्यांची संख्या घटवण्याची. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल १ कोटी २० लाख ठिपके टिपतो, तर अर्जातील २०० बाय २३० च्या चौकटीत अवघे ४६ हजार मावतात. म्हणजे अडीचशेहून अधिक ठिपक्यांमागे एकाची निवड होते, आणि हे प्रमाण पाहता खुद्द परीक्षाच उदार वाटू लागते. दुसरी शस्त्रक्रिया ठिपके तेवढेच ठेवून त्यांची नोंद आखूड करण्याची. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील सावकाश बदलणाऱ्या छटा जपते आणि ज्या बारीक फरकांकडे डोळ्याचे सहसा लक्ष जात नाही ते गाळते. उजेड-अंधारातील फरक डोळ्याला रंगांतील फरकापेक्षा अधिक जाणवत असल्याने रंगांच्या तपशिलात ती आणखी हात आखडते. एकदा गाळलेले परत मिळत नाही, हे मात्र नेट कॅफेच्या पाटीवर कोठे लिहिलेले नसते.

पथ्याची ही सक्ती अर्जदारापुरतीच असते. ज्याला अर्ज करायचा नसून केवळ दर्शन द्यायचे असते, त्याचे छायाचित्र संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर कॅमेऱ्यातून निघाले तसे, चार एमबींच्या भरदार देहासह विराजमान होते. ते पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसत असले तरी वाचकाच्या मोबाइलवर संपूर्ण उतरते, कारण दिसण्याचा आकार घटवल्याने फाइलचे वजन घटत नाही. सेकंदाला एक मेगाबिट या गतीने ते उतरण्यास ३२ सेकंद लागतात. अशा चार मान्यवरांची रांग असेल, तर पाणीपट्टीची रक्कम पाहण्यास आलेला नागरिक दोन मिनिटांहून अधिक काळ सक्तीने दर्शन घेतो आणि त्या दर्शनाचा डेटाही स्वतःच्या पैशाने भरतो. गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी हे स्वरूप त्याच गुणवत्तेचे चित्र जेपेगहून लहान फाइलीत बसवू शकते, पण आहार कमी करण्याची सूचना मान्यवरांना कोण करणार, हा प्रश्न तांत्रिक नव्हे.

जेथे खरोखर वजन हवे, तेथे मात्र उपवास पाळला जातो. भावी नगरसेवकाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून कार्यकर्त्याकडे, तेथून मंडळाच्या गटावर आणि तेथून फ्लेक्सवाल्याकडे जाते. साध्या पद्धतीने चित्र पाठवताना व्हॉट्सॲप ते आपणहून आवळते आणि वाटेत कोणी स्क्रीनशॉट काढला की आवळण्याचा आणखी एक संस्कार होतो. अखेरीस हाती आलेले ८०० ठिपके रुंदीचे चित्र २० फुटांच्या फलकावर ताणले की जेपेगचा एकेक चौकोन सुमारे सहा सेंटिमीटरांचा होतो आणि नेतृत्वाच्या गालावर फरशी बसवल्यासारखी दिसते. प्रतिमा उजळण्यासाठी एवढा खर्च करणाऱ्याने मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती, तर गाल शाबूत राहिला असता.

त्या चौकोनांतील गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना ते अमेरिकेत सुचले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यापूर्वी, १९७२ साली, या कल्पनेच्या अभ्यासासाठी अनुदान मिळावे म्हणून त्यांनी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे रीतसर अर्ज केला होता. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडल्याची आठवण अहमद यांनी पुढे लिहून ठेवली आहे; तो अर्ज नामंजूर झाला.