सर्किट गुरुजी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असा एक गुरुजी हमखास भेटतो. तो ज्या शाळेत असतो तिथलं भिंतीवरचं घड्याळ बंद असतं, कारण घड्याळातला दीड व्होल्टचा सेल कायम त्याच्या खिशात. सोबत टॉर्चचा बल्ब, सोललेल्या वायरीचे तुकडे आणि दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. पण पावसाळ्यात भामरागडकडे लाईन गेली, की तालुक्यातली सगळ्यात भरवशाची वीज या खिशात उरते.

पहिला धडा पटांगणात. पोरं हात धरून गोल उभी; एक पोरगं सेल, एक बल्ब, बाकीची वायरी. कुणी नाक पुसायला हात सोडला की बल्बानं डोळे मिटायचे आणि सगळ्यांनी ओरडायचं, "लाईन गेली!" बल्ब व्हायला सगळे तयार, वायर व्हायला कुणी नाही. (ग्रामपंचायतीतही हीच अडचण आहे.) मग वर्गात खरा बल्ब. मध्ये पाचाचं नाणं धरलं, लागला. बांबूची कामटी, नाही. सागाचं पान, नाही. पेन्सिलीतून मिणमिणता लागला तेव्हा गुरुजींचाच चेहरा जास्त उजळला.

"म्हणजे काय? गोल पुरा पाहिजे!"

"गुर्जी, डुकराच्या तारेले तं दुसरी वायरच नसते. मंग डुकर कसं मरते?"

वर्ग गप्प. रानडुकरांसाठी शेताला चोरून वीज सोडलेली तार कुणाच्या बांधावर आहे, हे गुरुजी सोडून सगळ्यांना ठाऊक. गुरुजींनी खडू घेतला. ट्रान्सफॉर्मरची एक वायर जमिनीत पुरलेली असते. डुक्कर तारेला लागलं की वीज त्याच्या अंगातून मातीत, मातीतून माघारी ट्रान्सफॉर्मरला. दुसरी वायर म्हणजे जमीन! मग डुक्कर असो, वाघ असो, की पहाटे पाणी द्यायला निघालेला घरधनी.

संध्याकाळी गुरुजी प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या अंगणात हजर. सेल, बल्ब, पेन्सिल, सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय सौर कुंपणाच्या अनुदानाचा अर्ज: त्या कुंपणाचा झटका क्षणभराचा, थांबून थांबून बसतो, डुक्कर पळतं, मरत नाही. बापानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"समजलं जी गुर्जी. तार काढतो. पण अर्ज मंजूर होयेपर्यंत डुकराईलेही एक डाव असंच समजावून सांगा ना."