बर्फातला कोल्हापूरकर

कोल्हापूरकर थंडीला भीत नाही, कारण त्याला ती भेटलेलीच नसते. डिसेंबर-जानेवारीत शहराचे किमान तापमान साधारण १४-१५ अंश सेल्सिअसच्या घरात असते. ते बारावर आले की वर्तमानपत्रांत हुडहुडीचे मथळे झळकतात, रंकाळ्यावर पहाटे फिरणारे कानटोप्या चढवतात आणि पेठांच्या चौकांत शेकोट्या पेटतात. थंडी म्हणजे गुऱ्हाळे सुरू होण्याचा, काकवी चाटण्याचा आणि तांबडा रस्सा दोन वाट्या जास्त ओरपण्याचा हंगाम, अशी त्याची पक्की समजूत असते. एवढ्या अनुभवावर तो शिकागो, डेट्रॉइट किंवा मिनिआपोलिसला जातो.

हा प्राणी बहुधा गोकुळ शिरगाव किंवा कसबा बावड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेला असतो. तिकडची सत्रे ऑगस्टअखेर सुरू होतात, आणि इथेच तो फसतो. शिकागोचा ऑगस्ट दमट आणि उकाड्याचा. मिशिगन सरोवराच्या काठावर उभे राहून तो फोटो काढतो आणि ‘रंकाळ्यापेक्षा जरा मोठा’ असे खाली लिहून पेठेतल्या मित्रांना पाठवतो. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे, पण त्यामुळे ‘जरा’ मागे घेतले जात नाही. पायात अर्थातच कोल्हापुरी चपला असतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याची असते. उन्हात ती वर्षानुवर्षे टिकून दाखवते, पाण्याशी मात्र तिचे जमत नाही. नोव्हेंबरात रस्त्यावर बर्फ आणि त्यावर टाकलेले मीठ यांचा राडा होतो. तेव्हा ‘दोन मिनिटांत दूध आणतो’ म्हणून चपलेवर बाहेर पडलेला हा इसम परततो तो पायाचा अंगठा जागेवर आहे का, हे चाचपतच.

कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. इकडून नेलेला स्वेटर वाऱ्यापुढे मच्छरदाणीएवढाच उपयोगी पडतो. इथे असताना जी माकडटोपी घालायची लाज वाटायची, तीच तिकडे ‘बालाक्लाव्हा’ नावाने अडीच हजार रुपयांना विकत घ्यावी लागते. कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. ज्याची उमेदवारी उद्यमनगरात झाली आहे, तो पहिला आठवडाभर ‘गाडीचं अर्थिंग गेलंय’ असे सांगत फिरतो.

खरा घोळ आकड्यांचा आहे. अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये मोजतात आणि तिथे पाणी ३२ अंशांवर गोठते. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यातला फोन ठरलेला असतो. वडील विचारतात, ‘आज किती?’ तो दातावर दात आपटत सांगतो, ‘वीस.’ पलीकडून उत्तर येते, ‘मग हितं पण वीसच हाय की रं, एवढा काय वरडाय लागलाईस!’ फॅरनहाइटचे वीस म्हणजे सेल्सिअसचे उणे सात, हे फोनवर पटवून देता येत नाही. मग तो दुसरा मार्ग शोधतो. तिकडच्या हवामान अंदाजात खऱ्या तापमानाशेजारी वाऱ्याचा बोचरेपणा हिशेबात धरून ‘फील्स लाइक’ असा आणखी खालचा आकडा देतात. कोल्हापूरला कळवायचा तो हा आकडा, तोही सेल्सिअसमध्ये, उण्यावर जोर देऊन. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअसवर उतरला आणि अनेक राज्यांत टपालवाटप बंद ठेवावे लागले. त्या दिवशी तिथल्या कोल्हापूरकरांनी गावाकडे काय आकडे कळवले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

बोलण्याचा प्रश्न याहून खोल आहे. कोल्हापूरची बोली चढ्या सुराची. साधी मिसळसुद्धा ‘नाद खुळा’ असते, पेठांमधला फुटबॉल सामना ‘काटा किर्र’ आणि अवघड गणित ‘विषय हार्ड’. उलट अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातला माणूस सगळेच उतरवून बोलतो. दाढीवर बर्फ धरला असला तरी तो म्हणणार, ‘अ बिट निपी टुडे.’ शून्याखाली दहावरून पारा शून्यावर आला की ‘नॉट बॅड’, आणि चाळिशीत गेला की अर्ध्या चड्डीत बाहेर. अशा माणसाने लिफ्टमध्ये ‘कोल्ड इनफ फॉर यू?’ असे विचारले, की आपला नवखा त्याला सविस्तर उत्तर देतो: कान कसे दुखतात, ओठ कुठे फुटले, हीटर किती वाजता बंद पडला. समोरच्याला उत्तर नको असते. ‘काय, पाऊस काय म्हणतोय?’ या आपल्याकडच्या प्रश्नासारखीच ती नुसती दखल असते. हे उमगायला साधारण एक हिवाळा जातो. ‘स्टे वॉर्म’ हा निरोप त्याला सुरुवातीला टोमणा वाटतो.

काही बाबतींत मात्र तो पहिल्या दिवसापासून अमेरिकनांच्या पुढे असतो. वादळाचा इशारा आला की तिथले लोक दूध आणि पाव घ्यायला धावतात. हा माणूस ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहून आलेला. महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, हे सगळे त्याने भोगलेले असते. तो दोन दिवस आधीच तांदळाचे पोते घरात आणून ठेवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे त्याला लहानपणापासून पाठ. त्यामुळे बर्फ किती इंच पडणार, याचा माग तो त्याच निष्ठेने घेतो. पूर बघायला रात्री घाटावर जाणाऱ्यांच्या कुळातला असल्याने, पोलीस घरात थांबा म्हणत असतानाही तो ‘बघून येतो जरा’ म्हणत बाहेर पडतोच.

शिकागोची आणखी एक चाल त्याला समजावून सांगावी लागत नाही. रस्त्याकडेला गाडी लावण्यापुरता बर्फ ज्याने उपसला, तो गाडी काढताना त्या जागेत मोडकी खुर्ची किंवा इस्त्रीचे टेबल ठेवून जातो. या हक्काला ‘डिब्स’ म्हणतात. १९६७ च्या २३ इंची हिमवादळापासून ही प्रथा रुळली असे सांगतात. कायद्याचा तिला आधार नाही, पण खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीचे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. इतर प्रांतांतून आलेले लोक यावर नागरिकशास्त्राच्या चर्चा करतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून गारगोटीपर्यंत बसून गेलेला माणूस एका नजरेत सगळे ओळखतो. तिसऱ्या हिवाळ्यात तो शेजाऱ्यांच्या खुर्च्यांचे तंटे सोडवायला लागतो.

हिवाळ्यात तिथल्या कचेऱ्यांत ‘चिली’ रांधण्याची स्पर्धा भरते. चिली म्हणजे मांस, राजमा, टोमॅटो आणि मिरची यांचा दाट रस्सा. नावावर विसंबून कोल्हापूरकर मोठ्या आशेने चमचा तोंडात घालतो आणि त्याला ते गोड लागते. पुढच्या वर्षी तो स्वतः उतरतो. हलाल दुकानातून बोकडाचे मटण, बॅगेतून आणलेला कांदा-लसूण मसाला आणि वर तर्रीचा तवंग. निकाल सहसा वादग्रस्त ठरतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सूचनापत्रात तिखटाच्या मर्यादेचा एक नवा नियम दिसतो. पांढरा रस्सा मात्र सगळे वाटीवर वाटी घेऊन पितात.

कोल्हापूर आणि अमेरिकन हिवाळा यांचा जुना दाखला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते तिकडच्या मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्यातूनच १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली, पण फिलाडेल्फियातल्या वास्तव्यात त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये. तिथे रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. आजच्या कोल्हापूरकराने हीटरची तक्रार करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सणावारी त्याची सोय महाराष्ट्र मंडळ करते. शिकागोचे मंडळ १९६९ पासून चालू आहे. संक्रांत ऐन कडाक्यात येते, त्यामुळे काठपदराची साडी, वर गुडघ्यापर्यंतचा कोट आणि खाली बर्फाचे बूट असा पोशाख सभागृहाच्या दारापर्यंत चालतो. दारात पिशवीतून चपला निघतात आणि बूट भिंतीला रांगेने उभे राहतात. पुढे २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी खारीच्या कुळातला एक लठ्ठ प्राणी बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे. १८८७ पासून चाललेल्या या सोहळ्याला सुशिक्षित अमेरिकन हसतात. पंचांगात मृगाचे वाहन गाढव आणि आर्द्राचे बेडूक वाचून पेरणी ठरवणाऱ्यांत वाढलेला माणूस हसत नाही. तो निकाल विचारतो.

पाचव्या-सहाव्या वर्षी स्थित्यंतर पूर्ण होते. नव्याने आलेल्या पोरांना लिफ्टमध्ये ‘कोल्ड इनफ फॉर यू?’ विचारणारा आता हाच असतो. डिसेंबरात सुट्टीवर येतो तेव्हा तो पहाटे अर्ध्या चड्डीत रंकाळ्याला फेरी मारतो, मफलर गुंडाळलेल्या काकांकडे दयेने बघतो आणि ‘नॉट बॅड’ म्हणतो. चौथ्या दिवशी त्याला सर्दी होते. आई सुंठ-गुळाचा काढा देते आणि कपाटातली माकडटोपी काढून त्याच्या डोक्यात घालते. तो विरोध करत नाही.

यंदा ऑगस्टात निघणाऱ्यांना एवढेच सांगणे: स्वेटरवर पैसे घालू नका, कोट तिकडेच घ्या. त्या वजनात मसाला जास्त बसतो. चपला जरूर न्या, पण नोव्हेंबर ते एप्रिल त्या कपाटातच ठेवा. आणि फोनवर तापमान सांगताना सेल्सिअसमध्येच सांगा.