काट्यावर ठेवलेलं कार्ड

वरच्या दर्जाचं क्रेडिट कार्ड हल्ली धातूचं मिळतं. सगळ्यांना नव्हे, ज्यांची पगाराची स्लिप बघून बँकेच्या माणसाचा आवाज मऊ होतो, त्यांनाच. टेबलावर टाकलं की ते खणकन वाजतं. या वाजण्याची वर्गणी वर्षाला साडेबारा हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये. बदल्यात विमानतळावरच्या लाउंजमध्ये उपमा फुकट.

असं एक कार्ड आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळमध्ये येऊन पोचलं आहे. या गावाबद्दल आधी एक सांगायला हवं. हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिलेला आणि त्याच्याच चाकांखाली गेलेला बावीस वर्षांचा गिरणी कामगार इथला. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. तेव्हा 'कार्ड व्हिसाचं की मास्टरकार्डचं?' असा प्रश्न या गावात जरा आवाज खाली करूनच विचारावा.

कार्डाचा धनी चाकणच्या एका कंपनीत परचेस खात्यात आहे. महिन्यातून एकदा चेन्नई, वर्षातून एकदा जर्मनी. त्याचे चुलते, म्हणजे तात्या, कांदा आणि टोमॅटो करतात. तात्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, तळहातावर तोललं.

"काय म्हंत्यात ह्याला?"

"तात्या, हे बिझनेस ट्रॅव्हल रिवॉर्ड कार्ड."

"मंग आमाला का न्हाई दिलं? आमचा काय बिझनेस न्हाई, का आमी ट्रॅव्हल करीत न्हाई? आठवड्यातनं दोनदा मंचर, टोमॅटो निघाला की नारायणगाव, भाव पडला की वाशी."

"तुम्ही जाता ते वेगळं. ह्यावर खर्च केला की पॉइंट मिळतात."

"डिझेलवर किती?"

"इंधनावर नाहीत."

"मजुरीवर?"

"खुरपणीच्या बायकांकडं कार्डाचं मशीन नसतं, तात्या."

"सरकारी भरणा? लाइट बिल?"

"सरकारी भरण्यावर नाही. लाइट बिलावर असतात, पण त्याला मर्यादा आहे."

"आरं, मंग पॉइंट हायेत कशावर?"

"विमानाचं तिकीट, हॉटेल, बाहेरचं जेवण."

म्हणजे ज्या प्रवासात माल हलतो, त्याला पॉइंट नाहीत आणि ज्या प्रवासात बॅग हलते, त्याला आहेत. बँकेच्या लेखी बिझनेस कशाला म्हणतात, हे तात्यांना एवढ्यात कळलं.

तरी तात्या मार्केट यार्डातले. माल काट्यावर घातल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी पोराला हिशेब मांडायला लावला. या जातीच्या एका नावाजलेल्या कार्डाचा दर असा की दीडशे रुपये खर्च केले की पाच पॉइंट. पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर त्याचा रुपया होतो. तोच पॉइंट 'मला बिलातून रोख वजा करून द्या' म्हटलं तर तीस पैसे. यार्डात एकाच क्रेटचे दोन भाव सांगणाऱ्याला लोक उभं करत नाहीत. इथे त्याला 'रिडेम्प्शनचे पर्याय' म्हणतात.

चला, रुपयाच धरू. नुसती वर्गणी वसूल व्हायची तर वर्षाला ४,४२,५०० रुपये कार्डावर उडवायला हवेत. कांदा किलोला पंधरा रुपयांनी गेला असं धरलं, तर हा साडेएकोणतीस टन कांदा झाला. तेवढा कांदा खर्चून आपण बरोब्बर शून्यावर येतो. फायदा त्यापुढे सुरू. पुतण्या म्हणाला, "पण दहा लाख खर्च केला तर वर्गणीच माफ होते." तात्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजी पावणेपंधरा हजार वाचवायला धा लाख घालवायचं. ही स्कीम कुणी काढली रं? त्याला आपल्या सोसायटीवर घ्या."

इथवर कार्ड तोट्यात दिसतं. पण मग पुतण्या इतका खूश का, हे विचारायचं राहिलंच. त्याने गुपित सांगितलं. चेन्नईचं तिकीट, तिथलं हॉटेल, जर्मनीचा मुक्काम, परदेशी पाहुण्यांना घातलेलं जेवण, सगळं तो स्वतःच्या कार्डावर करतो आणि पावत्या लावून कंपनीकडून पैसे घेतो. पैसे कंपनीचे, पॉइंट ह्याचे. त्या पॉइंटांवर गेल्या मे महिन्यात बायको-मुलांसह गोवा.

ही खरी चावी. 'कार्ड परवडतं का' या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नाही, 'पैसे कुणाचे' एवढंच उत्तर आहे. दुसऱ्याच्या पैशाने फिरणाऱ्याला हे कार्ड परवडतं, स्वतःच्या पैशाने फिरणाऱ्याला ते फिरवतं. जाहिरातीत हे लिहीत नाहीत. तिथे एक देखणा इसम खिडकीतून ढगांकडे बघत असतो. बिल कुणाच्या नावावर आहे ते ढगात दिसत नाही.

तात्यांचा पुढचा प्रश्न मात्र अस्सल यार्डातला होता. "बँक ह्ये द्येती कशातनं?"

पुतण्याने समजावलं. कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून साधारण दोन टक्के कापले जातात. त्यातले काही बँकेला, काही कार्डाच्या जाळ्याला, आणि त्यातलाच चुरा पॉइंट म्हणून गिऱ्हाइकाला. ही कपात नियमाने दुकानदाराने सोसायची असते.

तात्या हसले. हे गणित त्यांना तोंडपाठ होतं. २०१६ साली सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम केला. तालुक्यात पेढे वाटायचेच बाकी होते. मग खरेदीदार बोली लावताना आडतीचं भान ठेवूनच बोलायला लागला, आणि ज्याची सुटका झाली होती तोच पुन्हा देणेकरी झाला. पट्टीवर आडत दिसत नाही, भावात दिसते. दुकानदारही तेच करतो. दोन टक्के तो भावात घालतो, आणि भाव सगळ्यांना एकच. कार्ड घासणाऱ्याला त्यातले थोडे पॉइंट होऊन परत मिळतात. रोख देणाऱ्या म्हातारीला, क्यूआर स्कॅन करणाऱ्या पोराला काही परत मिळत नाही. लाउंजमधला उपमा फुकट नसतो. त्याचे पैसे मंचरच्या एखाद्या दुकानात कुणीतरी दोन किलो साखर घेताना आधीच दिलेले असतात.

या क्यूआरवरून आठवलं. पुतण्या ऐटीत गावातल्या चहाच्या टपरीवर कार्ड काढायला गेला. टपरीवर मशीन नाही, स्टॅंडवर चिकटवलेला क्यूआर आहे. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडता येतं, पण फक्त रुपेचं, व्हिसा-मास्टरकार्डचं नाही. तेव्हा वर्षाला पावणेपंधरा हजारांचं धातूचं कार्ड दहा रुपयांच्या चहापुढे गप्प बसलं. पैसे तात्यांनी सुटे दिले. बाबू गेनूंच्या गावात विदेशी माल अडवायला आता ट्रकपुढे कुणी उभं राहावं लागत नाही, ते काम टपरीवाला करतो.

बरं, साठवलेले पॉइंट तरी टिकतात का? पॉइंट हे असं चलन आहे की त्याची नोटही बँकच छापते, त्याची रिझर्व्ह बँकही तीच, आणि नोटाबंदीही तीच जाहीर करते. अ‍ॅक्सिस बँकेचं मॅग्नस नावाचं कार्ड घ्या. महिन्याला लाखभर खर्च केला की २५,००० पॉइंट जादा, आणि पाच पॉइंटांचे चार विमान-मैल. हुशार माणसं तुटून पडली. १ सप्टेंबर २०२३ पासून जादा पॉइंट बंद, पाचाचे चारऐवजी दोन, आणि वर्गणी दहा हजारांवरून साडेबारा. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर विमान कंपनी जमिनीवर आली, तेव्हा लोकांचे मैलही तिच्याबरोबर बसले. यार्डात ओल्या मालाला कडता, म्हणजे वजनात घट, धरतात तो निदान समोर, मालाच्या तोंडावर. इथे कडता ईमेलने येतो, आणि तोही 'तुमचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी' या मथळ्याखाली.

लाउंजबद्दल थोडक्यात. लाउंज लोहगावला आहे. नवा विमानतळ आधी चाकणला येणार होता, मग खेडला, मग तो पुरंदरला गेला, म्हणजे जमिनी द्यायला विरोध करणारेही तिकडे बदलले. महाळुंग्याहून लोहगाव गाठायचं तर मध्ये चाकण लागतं, आणि चाकण लागलं की चाकणच लागतं. तिथल्या कोंडीत जेवढा वेळ माणूस बसतो, तेवढा लाउंजमध्ये बसला तर चहा तीनदा होईल. कार्ड कंपन्यांना खरंच बिझनेस प्रवाशाची काळजी असेल तर त्यांनी लाउंज चाकणच्या तळेगाव चौकात काढावा. खाली मान घालून वर्गणी भरू.

आता विमा. अशा कार्डांवर विमान अपघाती मृत्यूचं संरक्षण तीन कोटींपर्यंत असतं. शेतकरी शेतात अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून वारसांना दोन लाख. आकाशातून पडणं आणि विहिरीत पडणं यांत केवढा भावफरक आहे बघा. शिवाय या कार्डांबरोबर चोवीस तास फोनवर हजर असलेला एक मदतनीस मिळतो, नाटकाची तिकिटं, हॉटेलात टेबल, फुलांचा गुच्छ, काहीही मागा. तात्यांनी पुतण्याला त्याला फोन लावायला सांगितलं. मागणी साधी होती: रात्रीच्या ऐवजी दिवसा थ्री फेज लाइट, कारण रात्री दारं धरायला गेलं की उसात बिबट्या असतो. मदतनीस अतिशय नम्र होता. त्याने जुन्नरच्या बाजूला बिबट्या सफारीचं बुकिंग हवं आहे का, असं विचारलं.

एक गोष्ट पुतण्याने सांगितली नव्हती, ती तात्यांनी बिलाच्या मागच्या बारीक अक्षरांत शोधली. बिल पूर्ण भरलं नाही तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज. वर्षाचे बेचाळीसच्या वर. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून बिनतारणी कर्जावर बारा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. घेतलं तर गुन्हा. कार्डाच्या व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांची वेसण घातली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली. म्हणजे बेचाळीस टक्के घेणारा गावात असला तर सावकार, आणि शहरात असला तर तो दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतो.

तात्यांच्याही खिशात कार्ड आहे, हे या सगळ्यात पुतण्या विसरला होता. किसान क्रेडिट कार्ड, १९९८ पासून चालत आलेलं. प्लास्टिकचं, वाजत नाही, रुपेचं, म्हणजे स्वदेशी. वेळेत फेडलं तर व्याजात केंद्राची तीन टक्के सूट, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून तीन लाखांपर्यंत उरलेलंही माफ. शून्य टक्क्याने तीन लाख वापरायला देणारं कार्ड मुंबईच्या कुठल्या बंगल्यात आहे का, विचारून बघा. फक्त त्यावर मैल मिळत नाहीत. मिळतात ते हेलपाटे: सातबारा, आठ अ, बोजा, बेबाकी दाखला.

आणि प्रवासाचंच म्हणाल तर घरात तिसरंही एक कार्ड आहे. आजींचं आधार. पंच्याहत्तर ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी राज्यभर फुकट. वर्गणी नाही, किमान खर्चाची अट नाही, सणासुदीला बंद नाही, पॉइंट मुदतबाह्य होत नाहीत. आजी मनात आलं की मंचरच्या स्टॅंडवर जातात, पहिल्या गाडीत बसतात आणि लेकीकडे नाशिकला उतरतात. परतताना द्राक्षं आणतात. व्यवसाय-प्रवासाची यापेक्षा चोख व्याख्या आम्हाला माहीत नाही.

तेव्हा निकाल असा. ज्याचं बिल कंपनी भरते आणि जो दर महिन्याला पै-पै चुकती करतो, त्याने हे कार्ड बिनधास्त घ्यावं, पॉइंट साठवत बसू नयेत, मिळाले की लगेच उडवावेत. ज्याचं बिल त्यालाच भरायचं आहे, त्याने वर्गणीच्या पैशात वर्षातून दोनदा विमानतळावर स्वतःच्या खिशातून उपमा खावा. तरी पैसे उरतील. आणि ज्यांच्याकडे तात्यांसारखं न वाजणारं कार्ड आहे, त्यांनी भरण्याची मुदत, बहुतेकांची ३१ मार्च, चुकवू नये. १ एप्रिलला ते शून्य टक्के राहत नाही.