स्वेडवर पंचा

धरणगाव कापसाचं, जिनिंगचं गाव. तिथल्या नव्या गाडीला सीट मात्र स्वेडची लागते. बकरीबिकरीच्या कातड्याची नव्हे. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनची. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी केसाहूनही बारीक तंतूंतून हे कापड घडवलं. दुकानदार नमुन्यावरून उलटं बोट फिरवतो, लवेवर गडद रेघ उमटते. "भाऊ, इटलीचा माल!" भाव ऐकून भाऊ सुरतेवर उतरतात. रंग मात्र क्रीमच हवा. धूळ आणि डोक्याचं तेल यांचा विचार कोण करतो? मग मळू नये म्हणून वर प्लॅस्टिक. मे महिन्यात ४५ अंशांत ते पाठीला चिकटतं, म्हणून त्यावर सुती पंचा. आता स्टिअरिंगलाही स्वेड चढवायचंय. त्याला पंचा कसा बांधावा, यावर घरात खल चालू आहे.