सोन्याहून लाल

पावसाळ्यात सफाळ्यात कुणाला हुडहुडी भरली की पहिला संशय मलेरियावर. बोट टोचतात, रक्ताचा थेंब चाचणीच्या पट्टीवर टाकतात आणि सगळं घर पट्टीकडे डोळे लावून बसतं. तिच्यावर उमटणारी लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते, हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं. त्यांनी आधी रेघेकडे पाहिलं, मग हातातल्या पाटल्यांकडे, मग माझ्याकडे. तिसरी नजर सगळ्यांत वाईट होती.

"सोनं आणि लाल? सोनाराने तांबं घातलं असेल."

तांबं नाही हो काकू, कणांचा आकार. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. वीसेक नॅनोमीटरचे गोल सोनकण पाण्यात असले की ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात, आणि पाणी माणकासारखं लाल दिसतं. कण शंभरच्या घरात गेले की गिळण्याची आवड पिवळ्या प्रकाशाकडे सरकते, पाणी जांभळट होतं. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकसाथ हेलकावतात. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या लांब केल्या की झोका जसा सावकाश येतो, तसा मोठ्या कणात त्यांचा ताल मंदावतो. फॅरडेने १८५७च्या सुमारास केलेलं असलं लाल सोनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बाटलीत अजून आहे. इतकी वर्षं सोनं बाटलीत राहिलं आणि कुणी हात लावला नाही, हे काकूंना रंगाहून अशक्य वाटलं.

त्या वळल्या पुण्याच्या गोष्टीने. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात चक्क गवती चहाचा अर्क घातला. (हो, तोच, मोरीच्या पाण्यावर माजणारा.) त्यातून सोन्याचे चपटे त्रिकोण झाले, आणि २००४मध्ये ते 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. या त्रिकोणांचं शोषण दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्त किरणांत जातं. अर्क कमी-जास्त केला की त्रिकोणांचा आकार बदलतो आणि शोषणही. काचेला यांचा लेप दिला तर उन्हाची धग आत कमी येईल, असंही त्यांनी पुढे सुचवलं.

"काचेला चालतं, मग आमच्या पत्र्याला?"

पत्रा मुळातच ऊन पिऊन बसतो, त्याला आणखी काय पाजायचं, असं मी म्हटलं. पण काकू हिशेबाला लागल्या होत्या.

"गवती चहा हवा तेवढा कापून ने," त्या म्हणाल्या. "सोन्याचं तुझं तू बघ."